डेकुपाज वाळतं, तरी हाताला का चिकटतं?

श्रावण लागला की राख्यांचे ट्रे, ओटीची तबकं, भेटवस्तूंच्या डब्या यांची कामं घराघरांत सुरू होतात. गेल्या काही वर्षांत त्यात डेकुपाजनं चांगलीच जागा मिळवली आहे. एमडीएफचा, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी फळीचा, साधा ट्रे घ्यायचा, त्यावर छापील फुलांचा टिश्यूपेपर चिकटवायचा आणि वरून पांढऱ्या गोंदाचे दोन-तीन हात द्यायचे. काम देखणं होतं, खर्चही बेताचा. पण मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी अशा ठिकाणी हे काम करणाऱ्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. ट्रे चार दिवसांपूर्वी वाळलाय, गोंद पारदर्शक झालाय, तरी बोट टेकवलं तर ते चटकन सुटत नाही. दोन ट्रे एकावर एक ठेवले तर वेगळे करताना फर्र आवाज येतो आणि वरच्याच्या तळाला खालच्या गुलाबाची एखादी पाकळी चिकटून येते.

यावर सल्ला बहुधा एकच मिळतो: अजून वाळलं नाही, आणखी दोन दिवस ठेव. दोन दिवसांनी फरक पडत नाही. मग कुणी सांगतं, गोंदाचा आणखी एक हात दे. तो दिल्यावर चिकटपणा वाढतो. यात करणाऱ्याच्या हातात दोष नसतो, हे आधी सांगायला हवं. हा प्रश्न थोडा रसायनाचा आहे, थोडा हवेचा. तो समजला की उपाय अवघड नाही.

## चिकटवणं आणि झाकणं ही दोन कामं आहेत

डेकुपाज म्हणजे कागदाची चित्रं कापून एखाद्या वस्तूवर चिकटवायची आणि वरून पारदर्शक थर देऊन ती कायमची पक्की करायची. अठराव्या शतकात ही कला व्हेनिसमध्ये बहरली. चीन-जपानकडून येणारं लाखकामाचं सामान महाग असे, म्हणून तिथले कारागीर छापील चित्रं रंगवून, कापून लाकडावर चिकटवत आणि त्यावर वॉर्निशचे थरावर थर चढवत. कागदाची कडा बोटाला लागेनाशी होईपर्यंत हे थर चढायचे. चिकटवायला एक पदार्थ आणि झाकायला दुसरा, अशी त्या कामाची सरळ विभागणी होती.

आपल्याकडे सावंतवाडीच्या गंजिफांत, म्हणजे हातानं रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांत, हीच शिस्त दिसते. चिंचोक्याची खळ आणि खडूची भुकटी लावून पान तयार करायचं, घोटून गुळगुळीत करायचं, त्यावर चित्र रंगवायचं आणि वरून लाख द्यायची. दशावतारी गंजिफांच्या जोडात १२० पानं असतात. ती एकावर एक रचून ठेवायची, पिसायची, वाटायची, तीही कोकणच्या हवेत. वर खळच राहिली असती तर जोडाचा गठ्ठा झाला असता. खेळ शक्य झाला तो वरच्या लाखेमुळे.

आजचा पांढरा गोंद ज्यापासून बनतो ते पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट १९१२ साली जर्मनीत फ्रिट्झ क्लाटे या रसायनशास्त्रज्ञाला सापडलं. भारतात १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं आणि सुतारकामातली सरस हळूहळू मागे पडली. अमेरिकेत १९६७ मध्ये जॅन वेटस्टोन यांनी मॉड पॉज तयार केलं. गोंद, सीलर आणि फिनिश हे तिन्ही एकाच बाटलीत, ही त्यामागची कल्पना. डेकुपाज घरोघरी पोचलं ते या सोयीमुळे. पण याच सोयीमुळे चिकटवणं आणि झाकणं ही वेगळी कामं आहेत, हे विसरलं जाऊ लागलं.

## गोंद वाळतो तेव्हा आत काय घडतं

पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण. अशा मिश्रणाला इमल्शन म्हणतात. बाटलीत साधारण निम्मं तरी पाणीच असतं. गोंद पांढरा दिसतो कारण हे कण प्रकाश सगळीकडे विखुरतात. पाणी उडू लागलं की कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या मधल्या फटी बुजतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. फटी बुजल्या की प्रकाश विखुरायचा थांबतो आणि गोंद पारदर्शक दिसू लागतो.

इथेच फसगत होते. पारदर्शक झालं म्हणजे वाळलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की कण एकमेकांना भिडले. खाली कागदात आणि एमडीएफमध्ये शिरलेलं पाणी अजून तिथेच असतं आणि त्याला आता वरच्या पापुद्र्यातून वाट काढत बाहेर यायचं असतं. कणही नुसते भिडलेले असतात. त्यांच्या लांबलचक साखळ्या एकमेकींत पुरत्या गुंतायला पुढचे कित्येक दिवस लागतात. म्हणून वाळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. वाळणं तासांत मोजतात, पक्कं होणं आठवड्यांत. मॉड पॉजसारख्या गोंदाला पूर्ण पक्कं व्हायला चार आठवडे धरतात, तेही हवा बरी असेल तर.

## पाणी गेलं तरी मऊ का राहतं?

पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट सुमारे ३० ते ४० अंश सेल्सियसच्या दरम्यान आपला कडकपणा सोडतं. त्याखाली ते काचेसारखं ताठ असतं, त्यावर रबरासारखं नरम. ते वितळत नाही, ओलंही होत नाही, फक्त मऊ पडतं. मऊ पडलेला पृष्ठभाग बोटाच्या रेषारेषांत शिरतो, समोरच्या ट्रेच्या खाचाखोचांत शिरतो आणि धरून ठेवतो. गोंदाचा गुणच तो आहे.

बाटलीतल्या गोंदात नुसतं पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट नसतं. पापुद्रा तडकू नये म्हणून त्यात बहुधा लवचीकपणा आणणारी द्रव्यं घातलेली असतात. त्यामुळे मऊ पडण्याचं तापमान आणखी खाली येतं. कण पाण्यात तरंगत राहावेत म्हणून बहुतेक पांढऱ्या गोंदांत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलही असतं. त्याला पाण्याची ओढ आहे. गोंद वाळल्यावरही ते पापुद्र्यातच राहतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. ओलावा आत शिरला की पापुद्रा आणखी मऊ.

लोणावळ्याहून आणलेली चिक्की आठवा. कोरड्या हवेत ती कटकन मोडते. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं की सादळते, दाताला आणि कागदाला चिकटते. तिच्यावर कुणी पाणी ओतलेलं नसतं. हवेतला ओलावा साखरेत शिरला आणि काचेसारखी कडक साखर मऊ पडली, एवढंच झालेलं असतं. गोंदाच्या पापुद्र्याचं अगदी हेच होतं, आणि दोन्हीमागचा नियमही एकच आहे.

म्हणून "अजून वाळलं नाही" हे निदान अर्धंच खरं. चिकटपणा दोन तऱ्हेचा असतो. एक आत अडकलेल्या पाण्याचा, तो थांबल्यानं जातो. दुसरा पापुद्र्याच्या स्वभावाचा. तो थांबून जात नाही, कारण जुलैतल्या ठाण्यात ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तो पापुद्रा तसाच असायचा. त्याच्यावर वेगळा, कडक थर हवा.

## "व्हिडिओत तर तासाभरात होतं"

होतं, आणि दाखवणारी व्यक्ती खोटं सांगत नसते. डेकुपाजचे पुष्कळ व्हिडिओ थंड आणि कोरड्या हवेच्या देशांतून येतात. तिथल्या खोलीत २० अंश तापमान आणि चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता असेल, तर पाणीही भराभर उडतं आणि पापुद्राही ताठ राहतो. तीच बाटली, तोच टिश्यू, तसाच ट्रे डोंबिवलीत वेगळा वागतो.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवा त्या तापमानाला जितकी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के आधीच भरलेली आहे, ते माप. ८५ टक्के भरलेल्या हवेत ट्रेवरच्या पाण्याला जागा फारच थोडी उरते. पंखा लावला तर ट्रेच्या अंगालगतची दमट हवा बाजूला होते, पण तिच्या जागी येणारी हवाही दमटच. पंखा उपयोगी आहे, मात्र खोलीची हवा कोरडी असेल तेव्हाच त्याचा खरा फायदा.

विदर्भ-मराठवाड्यात अडचण उलटी असते. नागपुरात मेच्या दुपारी आर्द्रता विसेक टक्क्यांवर उतरते, पाणी झपाट्यानं उडतं, ब्रशचे फटकारे उठून दिसतात, टिश्यूला सुरकुत्या पडतात. हवा कोरडी असूनही ४४ अंशांत पापुद्रा मऊच. तिथे काम सकाळी लवकर करावं आणि तयार वस्तू थंड खोलीत ठेवावी. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ या कामाला उत्तम. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाच्या भेटवस्तूंचा साठा तेव्हाच करून ठेवावा, असं माझं मत आहे.

काहीशे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. हे काम नियमित करत असाल तर महागड्या ब्रशच्या आधी तो घ्या. आकडा ६० च्या खाली असेल तर काम करा. ७५ च्या वर असेल तर कापाकापी करा, चिकटवणं पुढे ढकला.

## खालून येणारा ओलावा

ट्रेचा वरचा भाग आपण सजवतो आणि तळ तसाच सोडतो. उघडा एमडीएफ म्हणजे लाकडाचे दाबून बसवलेले बारीक तंतू. तो हवेतला ओलावा शोषतो, आणि कापलेल्या कडांमधून तर फारच. वरून तुम्ही कितीही चांगला थर द्या, पावसाळाभर तळातून ओलावा येत राहतो आणि गोंदाला मऊ ठेवतो. म्हणून कागद लावायच्या आधी एमडीएफ सगळ्या बाजूंनी बंद करायचं: वर, खाली, चारही कडा. लाकडाचा प्रायमर चालतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिशही फार छान काम करतं, लवकर वाळतं आणि त्याच्यावर रंगही धरतो.

काच, पत्रा, प्लॅस्टिक यांचा प्रश्न वेगळा. तिथे खालून ओलावा येत नाही, पण गोंदातल्या पाण्याला खाली मुरायलाही वाव नसतो. सगळं पाणी वरूनच जायला हवं. म्हणून बाटलीवरचं काम ट्रेवरच्या कामापेक्षा उशिरा वाळतं.

## हात पातळ का असावेत

थोडा जाड हात दिला तर थोडा उशीर लागेल, असा आपला अंदाज असतो. तो फसतो. पापुद्रा धरल्यानंतर आतलं पाणी थरातून झिरपत बाहेर येतं, आणि अशा झिरपण्याचा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली की वेळ साधारण चौपट, तिप्पट झाली की नऊपट. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात ते यामुळे, आणि ओल्यावर ओला हात देऊ नये तेही यामुळे.

कागदाखालीही हाच हिशोब लागू आहे. टिश्यूपेपरचे पदर सोडवून फक्त वरचा छापील पदर घ्या. खाली गोंदाचा अगदी पातळ हात द्या, कागद टेकवा आणि मधून कडेकडे प्लॅस्टिकच्या तुकड्यानं दाबत न्या. कडेनं बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा. कोपऱ्यात साठलेला गोंदाचा ओघळ महिनाभरही मऊ राहतो, आणि बोट नेमकं तिथेच लागतं.

गोंदात पाणी घालून पातळ करताना हात आखडता ठेवा. तीन भाग गोंदाला एक भाग पाणी पुरे. जास्त पाणी म्हणजे फुगलेला कागद, सुरकुत्या, आणि बाहेर काढायला तितकंच जास्त पाणी.

## "बाटलीवर तर सीलर असंच लिहिलंय"

कागद जागेवर राहील आणि धूळ थेट त्याच्यावर बसणार नाही, इतपत तो गोंद सील करतोच. भिंतीवर टांगायच्या चौकटीला, शोकेसमधल्या डबीला तेवढं पुरतं. पण ट्रे उचलला जातो, पुसला जातो, त्यावर वस्तू सरकतात. अशा वस्तूच्या सर्वांत वरच्या थरानं मुळात चिकटूच नये. आपल्या किनारपट्टीच्या हवेत गोंद शेवटचा थर म्हणून ठेवू नये, हे मी प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी सांगते.

शेवटच्या थरासाठी माझी पहिली पसंती लाकडासाठीच्या पाण्यातल्या पॉलियुरेथेनला, ज्याला दुकानात पीयू म्हणतात. डब्यावर क्लिअर आणि वॉटर बेस्ड असं लिहिलेलं बघून घ्या. ते पक्कं झाल्यावर गोंदापेक्षा खूप कडक होतं, सहसा पिवळं पडत नाही, ब्रश पाण्यानं धुता येतो आणि घरात वास कमी येतो. दोन किंवा तीन पातळ हात द्या. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितला असेल त्याच्या दुप्पट वेळ पावसाळ्यात जाऊ द्या. मधे ४०० नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलका फिरवा. पेपरखाली पांढरी कोरडी भुकटी पडली तर थर वाळलेला आहे. भुकटीऐवजी बारीक रबरी गोळ्या झाल्या, पेपर भरून गेला, तर थांबा.

चित्रकलेच्या दुकानात वॉर्निशच्या शेजारीच ग्लॉस मीडियम नावाच्या बाटल्या असतात. त्या रंगात मिसळण्यासाठी असतात. त्यांचा पापुद्रा मऊच राहतो, तो वरच्या थराला उपयोगाचा नाही.

चकचकीत की मॅट, याचाही चिकटपणाशी संबंध आहे. मॅट वॉर्निशमध्ये सिलिकाची बारीक भुकटी असते. तिच्यामुळे पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत होतो आणि दोन वस्तूंचा एकमेकांना होणारा स्पर्श कमी होतो. म्हणून एकावर एक रचायच्या वस्तूंना शेवटचा हात मॅट किंवा सॅटिनचा बरा. चकाकी हवीच असेल तर रचताना मधे बटर पेपर घाला.

स्प्रेच्या डब्यातलं अ‍ॅक्रिलिक लॅकर पटकन वाळतं, ब्रशच्या खुणा राहत नाहीत. पण पावसात ते मारलं तर थरावर पांढुरकी धूसर साय येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, इतका की हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते आणि थरात अडकते. त्यामुळे स्प्रे उघडिपीच्या दिवशीच मारावा, २५-३० सेंटिमीटरवरून, नुसता तुषार बसेल इतका. बंद खोलीत मुळीच नाही. देवघरातली समई, गॅस, उदबत्ती, सगळं विझलेलं असलं पाहिजे, कारण ती वाफ पेट घेते. साधा एन-९५ मास्क थेंब अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हा मार्ग सोडून द्या.

थिनरमधलं लॅकर ब्रशनं लावणं मात्र टाळा. थिनर गोंद विरघळवतो, त्यामुळे ब्रश फिरेल तसा कागद सरकतो, रंग पसरतो. तीच गोष्ट लाखेच्या पॉलिशची. स्पिरिटही या गोंदाला मऊ करतं. लाख कागदाच्या खाली उत्तम, पांढऱ्या गोंदाच्या वर जपून. गंजिफांना ती चालते, कारण तिथे खाली खळ आहे.

तेलातलं वॉर्निश कडक होतं आणि टिकतं. ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन वाळतं, दमट थंड दिवसांत फार सावकाश. त्याला पिवळसर झाक येते, त्यामुळे पांढरी पार्श्वभूमी हस्तिदंती दिसते. जुन्या धाटणीच्या चित्रांवर ती शोभतेही. खालचा गोंद पूर्ण पक्का झाल्याशिवाय ते देऊ नका.

## हेअर ड्रायर, ऊन, एसी

गरम हवेमागे शास्त्र आहे. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते, तिच्यातली वाफ तेवढीच असली तरी. म्हणजे ती आणखी पाणी घेऊ शकते. पण ड्रायर जवळ धरला तर वरचा पापुद्रा आधी बंद होतो आणि खालचं पाणी कोंडलं जातं. कधी त्याचे फोड येतात. शिवाय गरम गोंद मऊ असतो, म्हणजे ड्रायर मारत असतानाच "चिकटतंय अजून" असं वाटणार. वापरायचाच तर हातभर लांबून, सगळ्यांत मंद वेगावर, एकाच जागी न थांबता. थर गार झाल्यावरच बोट लावून बघा.

कडक उन्हात एमडीएफ वाकतं आणि टिश्यूचे रंग उडतात. सावलीतला वारा बरा.

सगळ्यांत चांगला एसी. तो हवा थंड करतो आणि तिच्यातलं पाणीही बाहेर काढून टाकतो. चिकटपणाच्या दोन्ही कारणांवर एकदम काम होतं. ड्राय मोड असेल तर तो लावा, दार बंद ठेवा, ट्रे जमिनीवर न ठेवता दोन पट्ट्यांवर ठेवा म्हणजे खालूनही हवा फिरेल. एसी नसेल तर झाकणाचा मोठा प्लॅस्टिक क्रेट घ्या, तळाशी सिलिका जेलची पाकिटं पसरा, वर जाळी, जाळीवर वस्तू. मात्र हा उपाय शेवटच्या टप्प्याचा. ताजा ओला ट्रे आत ठेवला तर ती पाकिटं लगेच भरून जातील.

## चिकट राहिलेलं काम वाचवायचं कसं

आधी ओळखा की चिकटपणा कुठला. आतल्या कडेला, न दिसणाऱ्या जागी अंगठा दाबून किंचित फिरवा. ठसा खोल उठला, कागद हलला, तर आत पाणी आहे. तो ट्रे एसीच्या खोलीत किंवा कोरड्या दिवसात हवेवर ठेवा, वर काहीही लावू नका. ओलं असताना वरून पीयू दिलं तर पाणी आत कोंडतं आणि थर दुधाळ होतो. मग तो खरवडण्यावाचून इलाज राहत नाही.

ठसा उठत नाही, थर घट्ट आहे, फक्त बोट सुटताना धरल्यासारखं वाटतं, तर तो मऊपणाचा चिकटपणा. असा ट्रे रात्रभर कोरड्या खोलीत ठेवा आणि त्याच खोलीत त्याच्यावर पीयूचा पातळ हात द्या. दुसऱ्या हातानंतर फरक बोटाला कळतो.

टाल्कम पावडर चोळायचा उपाय बऱ्याच जणी करतात. चिकटपणा तेवढ्यापुरता लपतो, रंग मात्र मंद होतात, आणि नंतर त्यावर वॉर्निश नीट धरत नाही. मेण लावायचं असेल तर सगळ्यांत शेवटी, कडक थराच्या वर. मेणावर पुन्हा पाण्यातलं काही बसत नाही.

काम खरंच झालं का, हे बघायची माझ्या मते सर्वांत भरवशाची चाचणी सोपी आहे. कोरा पांढरा कागद ट्रेवर पसरा, त्यावर जाडजूड पुस्तक ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी कागद आवाज न करता सुटला, त्याचा तंतूही मागे राहिला नाही, तर ट्रे द्यायला तयार. हलका चर्र आवाज आला तरी आठवडाभर थांबा.

## "मग सरळ रेझिनच ओतू का?"

इपॉक्सी रेझिन हा वेगळा मार्ग आहे. ते पाणी उडून वाळत नाही. दोन द्रवांची रासायनिक क्रिया होऊन कडक होतं. प्रमाण जरा चुकलं, मिश्रण नीट ढवळलं गेलं नाही, तर ते कायमचं चिकट राहतं, आणि तो चिकटपणा कितीही थांबलं तरी जात नाही. दमट हवेत काही रेझिनवर ओशट थर येतो. तो कोमट साबणपाण्यानं धुऊन काढता येतो, त्यामुळे घाबरून काम फेकू नका. कागद आधी दोन्ही बाजूंनी नीट सील केलेला हवा, नाहीतर रेझिन आत शिरून काळपट डाग पडतात. हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. त्वचेला याची अ‍ॅलर्जी एकदा सुरू झाली की सहसा जात नाही.

उष्णतेपुढे मात्र रेझिनलाही मर्यादा आहे. हस्तकलेसाठीची साधी रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात आणि उकळत्या चहाचा कप त्याहून गरम असतो. गोंदाच्या कोस्टरवर तर कप सरळ चिकटतो. कोस्टर करायचे असतील तर उष्णता सहन करणारं असं स्पष्ट लिहिलेलं रेझिनच घ्या, नाहीतर ते फक्त थंड पेल्यांसाठी आहेत असं ग्राहकाला आधी सांगा. पणतीच्या स्टँडला आणि मेणबत्तीच्या भांड्याला ज्योतीजवळ कागद लावू नका. फराळाच्या ताटलीत खाद्यपदार्थ थेट डेकुपाजवर न ठेवता वाटीत किंवा कागदी द्रोणात ठेवावा.

## दिवाळीच्या ऑर्डरचा हिशोब

विक्रीसाठी काम करणाऱ्यांना यातून वेळापत्रक उलटं मोजावं लागतं. चार आठवडे पक्कं व्हायला धरले, तर दिवाळीला कुरिअर करायच्या वस्तूंवर शेवटचा हात नवरात्राच्या आधीच पडायला हवा, आणि चिकटवण्याचं काम गणपतीच्या आसपास संपायला हवं, म्हणजे नेमकं दमट दिवसांत. म्हणून एमडीएफ सील करणं, रंगाचे हात देणं आणि चित्रं कापून ठेवणं हे उन्हाळ्यातच आटपून घ्यावं. पावसात मग फक्त कागद लावणं आणि पीयू उरतं. तेवढ्यासाठी एका खोलीत दोन-तीन दिवस एसी लावणं परवडतं.

बबल रॅप थेट वस्तूला लावू नका, पूर्ण पक्क्या न झालेल्या थरावर त्याच्या गोल खुणा उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, आणि आत सिलिका जेलचं एक पाकीट. घाईची ऑर्डर आली आणि चार आठवडे हातात नसतील, तर ट्रेऐवजी भिंतीवर लावायची चौकट सुचवा. तिला कुणी रोज हात लावत नाही, त्यामुळे तिचा थर निवांत पक्का होत राहतो.